फ्लॉपीवरचं सॉफ्टवेअर हार्ड डिस्कवरून चालवायचं असेल तर

गणपतीच्या आधी माळा झाडायला काढला की कोल्हापूरच्या शाहूपुरी-लक्ष्मीपुरीतल्या जुन्या दुकानांतून दोन वस्तू हमखास खाली येतात: पिवळा पडलेला कॉम्प्युटर आणि फ्लॉप्यांनी भरलेला झाकणाचा डबा. लेबलांवर वडिलांच्या नाहीतर दिवाणजींच्या अक्षरात ‘गूळ खाते ९२-९३’, ‘वर्डस्टार’, ‘गेम, हात लावू नये’ असं काहीबाही लिहिलेलं असतं. मग घरातलं कुणीतरी विचारतंच, हे अजून चालेल का? बहुतेक वेळा चालतं. फक्त ते फ्लॉपीवरून चालवत बसायचं नाही. एवढी जुनी फ्लॉपी किती वेळा वाचली जाईल याचा नेम नसतो. जे काही वाचन तिच्यात शिल्लक आहे ते नक्कल काढण्यात खर्च करायचं आणि पुढचा सगळा खेळ हार्ड डिस्कवर मांडायचा.

इथलं सगळं एक्सटी, २८६, ३८६, ४८६ अशा डॉसवर, म्हणजे कमांड टाइप करून चालवायच्या जुन्या सिस्टिमवर, चालणाऱ्या पीसींना धरून आहे. ए: आणि बी: म्हणजे फ्लॉपी ड्राइव्ह, सी: म्हणजे हार्ड डिस्क. कमांड देवनागरीत दिल्यात, टाइप करताना अर्थातच इंग्रजीत करायच्या.

वीज लावण्याआधी

कॅबिनेट उघडा आणि मदरबोर्डवरची बॅटरी बघा. २८६-३८६च्या काळातल्या बऱ्याच बोर्डांवर कीबोर्डच्या सॉकेटजवळ निळं, आडवं नळकांडं असतं. हा रिचार्जेबल सेल म्हातारपणी गळतो आणि त्यातला क्षार तांब्याच्या रेषा खाऊन टाकतो. पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड दिसली तर सेल कापून काढा, जागा थोड्या व्हिनेगरने आणि मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. सेल अजून गळलेला नसेल तर घाई करू नका. आधी मशीन एकदा सुरू होतंय का बघा आणि सेटअपच्या स्क्रीनवरचे हार्ड डिस्कचे आकडे, म्हणजे टाइप, सिलिंडर, हेड आणि सेक्टर, कागदावर उतरवून घ्या. सेल काढला की बायोस, म्हणजे मशीन सुरू करणारा बोर्डावरचा प्रोग्राम, ते विसरणार, आणि ते आकडे हाताशी नसतील तर चांगली डिस्कही उघडत नाही.

फ्लॉपी हातात घ्या, ड्राइव्हमध्ये नको

आपल्या हवेत फ्लॉपीचा खरा शत्रू बुरशी. चार महिने कपाटातल्या चपलांना लव येते तिथे फ्लॉपी कशी सुटेल? सव्वापाच इंची फ्लॉपीचं लांबट भोक उजेडाकडे धरा आणि मधलं भोक बोटाने धरून चकती हळूहळू फिरवा. तपकिरी पृष्ठभाग एकसारखा चमकला पाहिजे. पांढरट ठिपके, धुरकट पट्टे किंवा गोल ओरखडे दिसले तर ती फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घालू नका. बुरशी हेडला चिकटते आणि तोच हेड पुढच्या चांगल्या फ्लॉपीवर रेघ ओढतो. साडेतीन इंचीत धातूचं झाकण बाजूला सरकवून, मागची चाती फिरवून तशीच पाहणी करा.

ठिपके असतील तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजवलेला मऊ कापूस आधी, तेवढ्याने गेलं नाही तर आयसोप्रोपिल. दाबून घासू नका. बाहेरच्या कडेला तर जास्तच सांभाळा, कारण ट्रॅक शून्य तिथे असतो आणि फाइल्सची सगळी यादी त्यातच असते. आतल्या कडेचा एखादा ट्रॅक गेला तर एखादी फाइल जाईल. बाहेरचा गेला तर सगळीच फ्लॉपी रिकामी वाटायला लागते. २०१९ किंवा २०२१च्या पुरात भिजलेला डबा असेल तर चिखल वाळून घट्ट झालेला असतो. कव्हर एका कडेने ब्लेडने उघडून चकती बाहेर काढावी लागते. ती स्वच्छ पाण्याने धुवा आणि सावलीत वाळवा, उन्हात नाही. मग एका फालतू फ्लॉपीचं कव्हर रिकामं करून त्यात घालून वाचा.

आधी लिखाण बंद, मग इमेज

सव्वापाच इंचीच्या बाजूची खाच चिकटपट्टीने बंद करा. साडेतीन इंचीत उलटं असतं: सरकपट्टी सरकवून भोक उघडं दिसलं पाहिजे. एवढं केलं की चुकून काही लिहिलं जाण्याची भीती गेली.

आता पूर्ण फ्लॉपीची इमेज, म्हणजे एका फाइलमधली जशीच्या तशी नक्कल, काढा. फाइल्स नुसत्या कॉपी करून भागत नाही, कारण पुढे काही बिनसलं तर मूळ चित्र हाताशी लागतं. साडेतीन इंचीसाठी यूएसबी फ्लॉपी ड्राइव्ह पुरतो. लिनक्सवर डीडी कमांड, विंडोजवर विनइमेजसारखा प्रोग्राम. सव्वापाचचा यूएसबी ड्राइव्ह मिळत नाही. त्याला खरा ड्राइव्ह जुन्या मशीनमध्ये जोडावा लागतो किंवा ग्रीझवीझल नावाचा छोटा बोर्ड घ्यावा लागतो. तो ड्राइव्ह आणि आजचा लॅपटॉप यांच्या मध्ये बसतो आणि फ्लॉपीवरचे चुंबकीय बदल जसेच्या तसे टिपतो. खराब फ्लॉपीसाठी आज सगळ्यात भरवशाचं साधन मला हेच वाटतं.

इमेज पूर्ण आली की नाही ते आकारावरून कळतं. ३६० केबीची फ्लॉपी ३,६८,६४० बाइट, ७२० केबीची ७,३७,२८०, १.२ एमबीची १२,२८,८०० आणि १.४४ एमबीची १४,७४,५६०. यात एक बाइटही कमी असेल तर काहीतरी राहिलंय. आणि एक पथ्य: ३६० केबीची फ्लॉपी १.२ एमबीच्या ड्राइव्हमध्ये वाचा खुशाल, पण त्यात तिच्यावर लिहू नका. त्या ड्राइव्हचा हेड अरुंद असतो. त्याने लिहिलेलं पुन्हा ३६०च्या ड्राइव्हला नीट वाचता येईल याची खात्री नसते.

हार्ड डिस्क: जुनी की कार्ड?

मूळ डिस्क चालत असेल तर उत्तम, पण तिच्यावर विसंबू नका. आयडीई, म्हणजे हार्ड डिस्क जोडायची जुनी पद्धत, असलेल्या मशीनला कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड सगळ्यात सोयीचं. हे कार्ड आयडीईचीच भाषा बोलतं, त्यामुळे मधला ॲडॉप्टर म्हणजे नुसत्या पिना. राजारामपुरीतल्या दुकानात विचारलंत तर दुकानदार आधी तुमच्याकडे बघेल आणि मग जुन्या कॅमेऱ्याच्या बॉक्समधून एखादं काढून देईल. ५१२ एमबीच्या आसपासचं घ्या. जुन्या बायोसला १०२४ सिलिंडर, १६ हेड, ६३ सेक्टर यापलीकडे दिसत नाही, म्हणजे ५०४ एमबी झाली संपलं. डॉसच्या सॉफ्टवेअरला तेवढी जागा आयुष्यभर पुरते. बायोसमध्ये आकडे स्वतः भरायची सोयच नसेल, जशी बऱ्याच २८६मध्ये नसते, तर एक्सटी-आयडीई युनिव्हर्सल बायोस नावाची रॉम एखाद्या जुन्या नेटवर्क कार्डावर बसवून काम होतं.

डॉस ६.२२च्या बूट फ्लॉपीवरून एफडिस्क (डिस्कचे भाग, म्हणजे पार्टिशन, पाडणारी कमांड) चालवा, प्रायमरी पार्टिशन करा, ते ॲक्टिव्ह करा, मशीन पुन्हा सुरू करा, मग ‘फॉरमॅट सी: /एस’. कार्डावरून बूट होताना नुसता कर्सर लुकलुकत राहिला तर ‘एफडिस्क /एमबीआर’ द्या. कॅमेऱ्यातून आलेल्या कार्डांत ही अडचण नेहमीची आहे.

एवढं करतानाच ३० एमबीचं एक वेगळं छोटं पार्टिशन डी: म्हणून काढून ठेवा. ऐंशीच्या दशकातले काही प्रोग्राम मोकळी जागा मोजताना मोठ्या आकड्यांवर गडबडतात आणि सगळी डिस्क रिकामी असताना ‘डिस्क फुल’ म्हणून बसतात. त्यांची सोय डी:वर.

फोल्डर, आणि ए:चं सोंग

सगळ्यात सोप्या जातीचं सॉफ्टवेअर नुसतं कॉपी करून चालतं. प्रत्येकाला स्वतंत्र फोल्डर, ‘एक्सकॉपी ए: सी:\फॉक्स /एस /ई’, त्या फोल्डरमध्ये जाऊन नाव टाइप करा, झालं. त्या फोल्डरमध्ये जाऊनच चालवायचं, बाहेरून नाही. यामागे कारण आहे. १९८१च्या पहिल्या डॉसमध्ये फोल्डर हा प्रकारच नव्हता. १९८३ मध्ये आयबीएमने एक्सटीमध्ये १० एमबीची हार्ड डिस्क दिली, डॉस २.० आला आणि तेव्हा फोल्डर आले. त्याआधीच्या घडणीचे प्रोग्राम आपण जिथे उभे आहोत तेवढीच जागा बघतात. पाथ (कुठल्या फोल्डरांत शोधायचं ती यादी) लावून त्यांना काही कळत नाही.

वर्डस्टार ३.३ हा पत्रं-मजकूर लिहायचा प्रोग्राम याचा नमुना. डब्ल्यूएस.कॉम सुरू होतं आणि मग स्वतःचेच दोन तुकडे शोधतं: डब्ल्यूएसएमएसजीएस.ओव्हीआर आणि डब्ल्यूएसओव्हीएलवाय१.ओव्हीआर. ते आधी चालू जागेत बघतं, नाहीतर ए: मध्ये. दोन्हीकडे नसले की थांबतं. शिवाय फोल्डरचं नाव दिलेलं त्याला समजत नाही. अशा प्रोग्रामशी वाद घालण्यापेक्षा त्याला हवा तो ए: उभा करून द्यावा. त्यासाठी डॉस ३.१ पासून सबस्ट कमांड आहे. एखाद्या फोल्डरला ड्राइव्हचं अक्षर लावायचं, बस. जुन्या घराची पाटी नव्या घराच्या दाराला लावली की पोस्टमन पत्र तिथेच टाकतो, तसंच.

सी:\बॅट नावाचा फोल्डर करा आणि त्यात डॉसचा एडिट प्रोग्राम वापरून ही बॅच फाइल, म्हणजे ओळीने चालणाऱ्या कमांडची यादी, लिहा:

एको ऑफ
सबस्ट ए: सी:\वर्डस्टार
ए:
डब्ल्यूएस
सी:
सबस्ट ए: /डी

शेवटून दुसरी ओळ विसरू नका. ए: वर उभं राहून ए: काढता येत नाही, डॉस तक्रार करतो. बॅच फाइल सी: वरच असू द्या, ए: मध्ये ठेवलीत तर पायाखालचीच फळी काढल्यासारखं होईल. आणि हे चालू असताना खऱ्या फ्लॉपी ड्राइव्हपर्यंत पोहोचता येत नाही, फॉरमॅट, डिस्ककॉपी, चेकडिस्कही अशा अक्षरावर चालत नाहीत. ते बरंच आहे, सवयीने कुणी ‘फॉरमॅट ए:’ मारलं तरी आपला फोल्डर वाचतो.

प्रोग्राम ए: मध्ये आणि कागदपत्रं बी: मध्ये ही जुन्या दोन-फ्लॉपी मशीनची रीत. तिथे सबस्ट बी: पण करा, दुसरा फोल्डर दाखवून. एकाच ड्राइव्हच्या मशीनवरही बी: हे अक्षर राखीव असतंच. ॲसाइन नावाची एक जुनी कमांड काही पुस्तकांत सापडेल. ती अख्ख्या ड्राइव्हचं नाव बदलते आणि ड्राइव्हचा खरा प्रकार लपवून ठेवते. सबस्ट असताना तिच्या नादी लागू नये.

गूळ खात्याची गोष्ट

कोल्हापुरात फ्लॉपीच्या डब्यांतून गेमपेक्षा हिशेब जास्त निघतात. अडतीचं दुकान, फाउंड्री, सोसायटी, सगळ्यांसाठी कुणीतरी ओळखीच्या पोराने फॉक्सबेस नाहीतर डीबेस या डेटाबेसच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रोग्राम लिहून दिलेला असायचा. शेतकऱ्याचं नाव, गुळाच्या रव्यांची (ढेपांची) संख्या, वजन, भाव, अडत, हमाली, तोलाई, आणि खाली छापायची पट्टी. ते पोरगं आता कुठे आहे कुणाला माहीत नसतं, पण त्याचं लिखाण बऱ्याचदा फ्लॉपीवरच असतं, .पीआरजी नावाच्या फाइल्समध्ये.

त्या साध्या मजकुराच्या फाइल्स आहेत. एडिटमध्ये उघडा आणि ‘ए:’ शोधा. बहुधा अगदी वरतीच ‘सेट डिफॉल्ट टू ए’ अशी ओळ भेटते, आणि पुढे कुठेतरी ‘यूज ए:पार्टी’, ‘कॉपी टू बी:बॅकअप’ अशा ओळी विखुरलेल्या असतात. डिफॉल्टच्या ओळीत ए च्या जागी सी घाला आणि प्रोग्राम त्याच्या फोल्डरमध्ये जाऊनच चालवा, बाकीच्या ओळींतलं ए: खोडा. बॅकअपची ओळ मात्र नीट वाचा. दिवसाच्या शेवटी बी: वर डेटा हलवून मूळ फाइल रिकामी करणारे प्रोग्राम होते, कारण तेव्हा जागाच तेवढी होती. न वाचता बदललंत तर नव्या जागीही तो रोज खातं पुसेल. बदल झाले की जुन्या कंपाइल केलेल्या .फॉक्स फाइल्स बाजूला काढा, म्हणजे प्रोग्राम नव्या ओळी घेईल.

.पीआरजी नसतील, नुसती क्लिपर या कंपायलरने केलेली .ईएक्सई असेल, तर आतलं काही बदलता येत नाही. तिथे पुन्हा सबस्ट. कॉन्फिग.सिस या डॉस सुरू होताना वाचतो त्या फाइलमध्ये ‘फाइल्स=४०’ आणि ‘बफर्स=२०’ घाला. ही मंडळी एकदम बऱ्याच फाइल्स उघडतात आणि आकडा कमी असला तर अर्ध्यातच बंद पडतात.

पट्टी मराठीत छापली जात असेल तर कॅबिनेटमध्ये एक लांब कार्ड शोधा. पुण्याच्या सी-डॅकचं जिस्ट कार्ड असण्याची शक्यता आहे. डॉसच्या पडद्यावर देवनागरी तेच आणायचं. ते नसलेल्या मशीनवर तुमचा डेटा उघडेल पण नावांच्या जागी चित्रविचित्र चिन्हं दिसतील. भंगारवाल्याला मशीन देण्याआधी हे कार्ड काढून ठेवा, मिळायला अवघड आहे. प्रिंटरच्या पोर्टला लावलेला एखादा छोटा डबा दिसला तर तोही फेकू नका. तो डोंगल, आणि त्याच्याशिवाय तो प्रोग्राम हलत नाही.

हिशेब फक्त बघायचेच असतील, मशीनची हौस नसेल, तर एवढ्या उठाठेवीची गरज नाही. इमेजमधल्या फाइल्स लॅपटॉपवर काढा, डॉसबॉक्स, म्हणजे आजच्या मशीनवर डॉसचं सोंग आणणारा प्रोग्राम, घ्या आणि त्यात तो फोल्डर माउंट कमांडने ए: म्हणून ‘-टी फ्लॉपी’ लावून जोडा. सबस्टचंच काम, दुसऱ्या रस्त्याने.

पडद्यावर काय उमटतं त्यावरून

‘इन्सर्ट डिस्क विथ कमांड.कॉम इन ड्राइव्ह ए’ असं प्रोग्राम बंद केल्यावर आलं तर ऑटोएक्सेक.बॅट मध्ये ‘सेट कॉमस्पेक=सी:\डॉस\कमांड.कॉम’ ही ओळ घाला. ‘इनकरेक्ट डॉस व्हर्जन’ आलं तर सेटव्हर वापरून त्या प्रोग्रामला हवी ती आवृत्ती सांगा.

‘पॅक्ड फाइल इज करप्ट’ वाचून लोक फ्लॉपी फेकतात. थांबा. फाइल बहुधा ठणठणीत असते. डॉस उंच मेमरीत गेल्यामुळे प्रोग्रामला पहिल्या ६४ केबीत जागा मिळते आणि त्याची उघडायची पद्धत तिथे गोंधळते. नावाच्या आधी ‘लोडफिक्स’ लिहून चालवा. ‘रनटाइम एरर २००’ टर्बो पास्कलच्या प्रोग्राममध्ये येतो आणि त्याचं कारण म्हणजे मशीन फार वेगवान आहे. ४८६वर तोच प्रोग्राम बिनतक्रार चालेल.

‘ॲबॉर्ट, रिट्राय, फेल’ मात्र हार्ड डिस्कवरून चालवताना आलं तर समजा की प्रोग्राम अजून खऱ्या ए: मध्येच काहीतरी शोधतोय. तिथून पुढचा भाग सुरू होतो.

जे कॉपी होतच नाही

काही फ्लॉप्यांवर डिर कमांड दिली की ‘जनरल फेल्युअर’ येतं, पण त्याच फ्लॉपीवरून मशीन सुरू केलं तर गेम छान चालतो. त्या फ्लॉपीवर डॉस नाहीच. गेम स्वतःच बूट होतो, त्यात फाइल्स नाहीत, तेव्हा कॉपी करायला काही नाही. दुसऱ्या प्रकारात फाइल्स दिसतात, कॉपीही होतात, पण प्रोग्राम मूळ फ्लॉपी मागतो. मुद्दाम बिघडवलेला सेक्टर किंवा साध्या ड्राइव्हला लिहिता न येणारी खूण त्याला ए: मध्ये भेटायला हवी असते. लोटस १-२-३च्या जुन्या आवृत्त्या अशाच मूळ डिस्कशिवाय उठत नसत. सबस्ट इथे उपयोगाचं नाही, कारण असे प्रोग्राम डॉसला न विचारता थेट ड्राइव्हशी बोलतात.

पहिल्या प्रकाराला गोटेक. साडेतीन इंचीच्या खाचेत बसणारा, फ्लॉपीच्याच ३४ पिनांच्या केबलवर चालणारा डबा, समोर पेन ड्राइव्ह. त्यात फ्लॅशफ्लॉपी हे फर्मवेअर टाकून घ्या, म्हणजे ३६० केबीपासून सगळ्या आकाराच्या इमेज तो घेतो. बायोसमध्ये ड्राइव्हचा प्रकार इमेजप्रमाणे बदलायला विसरू नका. हार्ड डिस्क नाही म्हणाल, पण फ्लॉपी झिजत नाही, हे महत्त्वाचं. दुसऱ्या प्रकारात गोटेकही दरवेळी फसवू शकत नाही. मग तो तपासणीचा भाग काढून टाकणारा पॅच शोधावा लागतो. स्वतः विकत घेतलेल्या प्रोग्रामची हरवण्या-बिघडण्यापासून बचावासाठी प्रत काढायला आपल्या १९५७च्या प्रताधिकार कायद्याच्या कलम ५२ मध्ये जागा आहे. दुसऱ्याच्या प्रती वाटायला नाही.

असं संरक्षण असलेला प्रोग्राम कुणी त्या काळीच हार्ड डिस्कवर टाकलेला सापडला तर डिस्कवर डिफ्रॅग चालवू नका. परवानगीची खूण डिस्कच्या ठरावीक जागी लपवलेली असते, जागा हलली की परवानगी गेली. आधी अख्ख्या डिस्कची इमेज.

अमिगा या पीसीहून वेगळ्या जुन्या कॉम्प्युटरबद्दलही कुणी ना कुणी विचारतंच, परदेशातल्या नातेवाइकाने आणलेला एखादा असतो. त्याच्या ८८० केबीच्या फ्लॉप्या पीसीच्या ड्राइव्हला नुसत्या वाचता येत नाहीत, ग्रीझवीझलसारखं साधन लागतं. आणि गेम हार्ड डिस्कवरून चालवायला तिथे डब्ल्यूएचडीलोड आहे. तो फ्लॉपीचा सगळा ऐवज मेमरीत ओढतो, सिस्टिमला बाजूला बसवतो, गेम चालवतो आणि ठरलेलं बटण दाबलं की परत वर्कबेंचवर, म्हणजे अमिगाच्या नेहमीच्या पडद्यावर, आणून सोडतो. प्रत्येक गेमसाठी वेगळी छोटी इन्स्टॉल फाइल लागते आणि मेमरी थोडी जास्त ठेवावी लागते.

सगळं लागून चालायला लागलं की मशीन बंद करा, कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड काढा, कार्ड रीडरने त्याचीही एक इमेज लॅपटॉपवर घ्या. मूळ फ्लॉप्या सिलिका जेलच्या पुड्यांसकट घट्ट झाकणाच्या डब्यात, उभ्या, आणि माळ्यावर नाही तर खालच्या खोलीतल्या कोरड्या कपाटात. पुराचं पाणी येतं त्या गल्लीत राहत असाल तर कपाटाच्या वरच्या फळीवर.